सर्टिफिकेटांचे धर्मबाप

सर्टिफिकेटला धर्मबाप लागत नाही, असं युनिव्हर्सिटीतल्या त्या उंच बाईनं मला समजावून सांगितलं. मी तिला विचारलं, मग ते जन्मतःच अनाथ असतं का? शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. सरळ प्रश्न विचारला की ती कॉम्प्युटरकडे बघायला लागतात.

पण ही झाली मधली गोष्ट. आधी बाहुल्यांचं सांगायला हवं.

माझं नाव रेफूहिओ सामारिपा. टेक्सासमधलं हे सगळं गार्लंड गाव मला दोन्या कूका, म्हणजे कूकाबाई, म्हणतं, आणि ज्याला सकाळी गरम पाव हवा असतो तो जरा वाकून म्हणतो. माझी बेकरी आहे. माझा नवरा एलेउतेरिओ, देव त्याला सुखात ठेवो आणि त्याचं घोरणंही तिकडेच ठेवो, त्यानं जन्मभर शेजारच्या रिचर्डसन गावच्या हमरस्त्यालगत टेलिफोनच्या तारांसाठी चर खणले. तिथल्या काचेच्या इमारतींत टाय लावलेली माणसं बसून अख्ख्या टेक्सासचे फोन जोडतात. त्यांच्या पायाखालची माती माझ्या नवऱ्याच्या नखांत होती. आमचं शेंडेफळ नेरेइदा, ती त्या इमारतींतल्या एकीत आत शिरली. बाप खाली, पोरगी चौथ्या मजल्यावर. दिवसभर ती पडद्यावर बघत बसते, कुठली लाइन तुटली ते सांगते, आणि संध्याकाळी युनिव्हर्सिटीत जाऊन टेलिकॉमचं मास्टर्स करते. करायची, म्हणायला हवं. आता झालं ते.

गेल्या नाताळात पीठ मळताना तिनं मला ते सर्टिफिकेटांचं सांगितलं. मास्टर्स म्हणजे दहा विषय. त्याच वाटेवर चार विषय एका जातीचे घेतले, तर पदवीबरोबर एक सर्टिफिकेटही पदरात पडतं, वेगळं काही करावं लागत नाही. एक आहे बिनतारी जाळ्यांचं, मनोरे आणि हवेतून जाणारे आवाज वगैरे. एक सुरक्षेचं, चोरांना फोनच्या जाळ्यात शिरू न देण्याचं. आणि एक दूरसंचाराच्या कायद्याचं. इतकं मी ऐकलं आणि ओव्हनची घंटा वाजली. नेरेइदाचं म्हणणं, पुढचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ती त्यानंतर बोलली. बोलली असेल. पाव जळत असताना माझ्याशी महत्त्वाचं बोलायचं नसतं, हे तिला दात येण्याआधीपासून ठाऊक आहे.

आणि मला सांगा, दुकानात तीन जातींचे पाव मांडलेत असं म्हटल्यावर गिऱ्हाईक एकच उचलून जाईल, हे कुठल्या बेकरीवाल्या बाईच्या डोक्यात येईल? माझ्याकडे येणारा माणूस तिन्ही घेतो. नाही घेतले तर मी त्याच्याकडे बघते, मग घेतो.

आता आमच्यातली रीत अशी की धर्मबापाशिवाय आमचं पानही हलत नाही. बाप्तिस्म्याला धर्मबाप, लग्नाला धर्मबाप, लग्नातल्या केकला वेगळा, अंगठ्यांना वेगळा, बँडवाल्यांना वेगळा. माझ्या पोरीचा जो धर्मबाप तो माझा कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे, आणि हे नातं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा घट्ट. भाऊ वाटणीवरून तुटतो, कोम्पाद्रे मेल्यावरच सुटतो. एखाद्याला धर्मबाप व्हा म्हणून विचारलं नाही तर तो रुसतो. पण विचारून मग नको म्हणणं, हे कोणी करत नाही. आमच्या मेक्सिकोतल्या गावात, मातेउआलात, एकानं केलं होतं. तो मेला तेव्हा खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं आणावी लागली.

नेरेइदा आमच्या घरातली पहिली मास्टर्स. तिच्या पदवीला कोणाला उभं करायचं, या विचारानं माझं डोकं उठलं होतं. एका बाजूला कोम्पाद्रे वेन्सेस्लाओ, छपरं घालणारा, एलेउतेरिओचा जिवलग. दुसऱ्या बाजूला ओर्तेन्सिया, एलेउतेरिओची चुलतबहीण, केस कापायचं दुकान चालवते. माझ्या थोरल्याच्या लग्नात मी तिला फुग्यांची धर्ममाय केलं होतं. फुग्यांची. त्याला दहाबारा वर्षं होऊन गेली, थोरल्याची पोरं शाळेत जायला लागली, पण ओर्तेन्सिया अजून फुगा बघितला की माझ्याकडे बघते.

म्हणून तीन सर्टिफिकेटं म्हटल्यावर मला देवानंच वाट दाखवली. एकाला वेन्सेस्लाओ, एकाला ओर्तेन्सिया, तिसऱ्याला माझा मोठा दीर. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही.

जानेवारीत तीन राजांच्या सणाला आम्ही रोस्का कापतो, म्हणजे कडं असतं तसा गोल पाव, त्यात बाळ येशूची इवली बाहुली लपवलेली. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघेल त्यानं फेब्रुवारीत कान्देलारियाच्या दिवशी सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले सारणाचे उंडे, खाऊ घालायचे. यंदा मी जाहीर केलं की बाहुल्या तीन आहेत, एकेका सर्टिफिकेटाची एकेक, आणि ज्याला बाहुली त्याला नेरेइदाच्या एका सर्टिफिकेटाचं धर्मबापपण. लोक म्हणाले, वा, देवच ठरवेल. देवाला त्रास कशाला द्यायचा? मी भाजलेल्या पावात बाहुली कुठे आहे हे मलाच कळत नसेल तर मी बेकरीला कुलूप लावावं.

वेन्सेस्लाओला मी हातानं तुकडा दिला, बिनतारी निघालं. ओर्तेन्सियाला दिला, सुरक्षा निघाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती बाई कांदा चिरतानाही रडत नाही. तिसरा तुकडा दिराकडे वळवला तोच आमच्या चर्चच्या पाद्री क्लेओफासनं मध्ये हात घालून उचलला. त्याला साखर लावलेली बाजू हवी होती. दाताखाली बाहुली कचकन आली आणि कायद्याच्या सर्टिफिकेटाला धर्मबाप म्हणून पाद्री मिळाला. दाढ हलली ती निराळी.

नेरेइदा त्या दिवशी कामावर होती. तिला सांगू नका असं मी सगळ्यांना बजावलं. पोरीला आनंदाचा धक्का बसावा अशी माझी इच्छा होती. धक्का बसला.

कान्देलारियाच्या दिवशी तिघंही आले, तामाल्यांची पातेली घेऊन. त्या दिवशी आम्ही घरातल्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे शिवून नटवतो. कोणी डॉक्टर करतं, कोणी राजा, एकीनं तर फुटबॉलवाला केला होता. ओर्तेन्सियानं बाळ येशूला पदवीचा काळा झगा घातला होता, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीला गोंडा, आणि कमरेला खरंखुरं चिमुकलं कुलूप. सुरक्षेचं चिन्ह म्हणून. पाद्री क्लेओफासनं आधी कपाळावर हात मारला आणि मग फोटो काढला.

नेरेइदा तामाला सोलता सोलता म्हणाली, हे काय? ओर्तेन्सियानं तिला मिठी मारून सांगितलं की हे तुझ्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटासाठी, मी त्याची धर्ममाय. मग वेन्सेस्लाओनं टोपी काढून आपलं सांगितलं. मग पाद्रीनं.

नेरेइदानं तामाला खाली ठेवला. तिला बापाचा स्वभाव मिळालाय, ती ओरडत नाही, खणते. तिनं टेबलावर शेंगदाणे मांडले. हे दहा विषय, म्हणाली. यातले चार सगळ्यांना सक्तीचे, बाजूला काढले. उरले सहा. एका सर्टिफिकेटाला लागतात चार. तेही उचलले. आता उरलेल्या दोन दाण्यांत दुसरं सर्टिफिकेट बसतं का, काका, तुम्हीच सांगा.

वेन्सेस्लाओ छपरं मोजणारा माणूस. तो म्हणाला, बसत नाही.

"मी बिनतारीचं निवडलंय," नेरेइदा म्हणाली. "त्यातले तीन विषय झालेही. मे महिन्यात पदवी, जूनमध्ये नवी नोकरी. दुसरं सर्टिफिकेट घ्यायचं तर आणखी एक वर्ष इथे थांबायला हवं, आणि ते लोक वर्षभर थांबणार नाहीत."

नोकरी म्हणजे पार पश्चिमेला, नदीपलीकडे मेक्सिको दिसतो त्या डोंगराळ जिल्ह्यात. गाडीनं सबंध दिवस. तिकडे माणूस दरीत कोसळला तरी मदतीला फोन लागत नाही, कारण मनोरेच नाहीत. ते मनोरे उभे करायचं काम. तिनं हे मला नाताळातही सांगितलं होतं, ओव्हनच्या घंटेच्या आधी.

वेन्सेस्लाओ आपल्या टोपीत बघत बसला. त्याचं सर्टिफिकेट जिवंत होतं म्हणून त्याला आनंद झालेला, आणि तो लपवायला टोपी बरी. ओर्तेन्सिया उठली. तिनं बाळ येशूच्या डोक्यावरची चौकोनी टोपी काढली, पर्समध्ये ठेवली, मूर्ती टॉवेलात गुंडाळली.

"फुग्यांची धर्ममाय मी आधीही झालेय, कूका," ती म्हणाली. "हवा गेली की विसरायचं. सवय आहे मला."

आणि गेली. तिचं तामाल्यांचं पातेलं मात्र इथेच राहिलं. तामाले चांगले होते. तिला मी हे कधी सांगणार नाही.

पुढचे दोनतीन आठवडे गार्लंडमध्ये माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. चर्चमध्ये मिस्सेला गेले तर बायका सरकून बसायच्या. ओर्तेन्सियाच्या खुर्चीत बसून जी कोणी केस कापून घेई, ती माझ्याकडून पाव न्यायची बंद होई. त्या बाईकडे कात्री आहे आणि समोर आरसा आहे, तिला आणखी कशाची गरज नाही. शेवटी मी ठरवलं, नियम माणसांनीच केलेत, तर माणसाशी बोलू. कोंच्यांचा, म्हणजे शिंपल्याच्या नक्षीच्या गोड पावांचा, डबा भरला, वेन्सेस्लाओला त्याचा छपरांचा ट्रक काढायला लावला आणि युनिव्हर्सिटी गाठली. त्याला इंग्रजी येतं. मला येतं ते गिऱ्हाइकापुरतं.

मुलांना विषय निवडायला मदत करणारी ती उंच बाई म्हणजे डॉक्टर प्रूइट. पायात बूट गाईगुरं हाकणाऱ्यांचे, भिंतीवर पदव्या. मी म्हटलं, नेरेइदा सामारिपाबद्दल आलेय. ती म्हणाली, कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, कायदा आहे.

"तिला सांग, मी हिला नऊ महिने पोटात वागवलंय," मी वेन्सेस्लाओला म्हटलं.

त्यानं सांगितलं. ती म्हणाली, तरीही.

मग आम्ही कोणा एका मुलीबद्दल बोललो, जिला आई नव्हती आणि नावही नव्हतं. ती बाई कोंचा खाऊ लागली, त्यामुळे जरा मऊ झाली. मी विचारलं, एकच विषय दोन सर्टिफिकेटांत मोजला तर कोणाचं काय जातं? मी एका पिठाचे चार प्रकार करते. ती म्हणाली, नाही चालत, एक विषय एकाच सर्टिफिकेटात. मी विचारलं, दोन विषयांचं अर्धं सर्टिफिकेट देता येईल का, लहान कागदावर? वेन्सेस्लाओनं हे इंग्रजीत सांगायला नकार दिला. आपली लाज वाटते म्हणाला. छपरावरून उघड्या अंगानं शिट्ट्या मारणाऱ्या माणसाला लाज.

तेव्हाच मी ते अनाथपणाचं विचारलं. ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली, मग दुसरा कोंचा घेतला आणि म्हणाली की तसं एखादं सर्टिफिकेट सुटंही घेता येतं. मास्टर्स करायलाच हवं असं नाही. नुसते चार विषय करायचे, सर्टिफिकेट घ्यायचं, घरी जायचं. पुढे मन झालंच तर तेच विषय मास्टर्समध्ये धरले जातात.

"कोणीही घेऊ शकतं?" मी विचारलं.

"इंजिनिअरिंगची साधी पदवी असलेला कोणीही."

"तो आळशी असला तर?"

वेन्सेस्लाओनं हे मात्र सांगितलं. ती बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, तसा नियम असता तर आमचे निम्मे वर्ग रिकामे पडले असते.

उरलेले कोंचे मी तिथेच ठेवून आले. माणसानं कामाचं सांगितलं की पाव परत न्यायचा नसतो.

घरी आले तर नेरेइदा बेकरीतच उभी. वेन्सेस्लाओच्या ट्रकवर त्याचं नाव चार फुटी अक्षरात रंगवलंय, तो युनिव्हर्सिटीच्या आवारात उभा केला तर कळणारच. मला वाटलं, आता नियम शिकवेल. तिनं दारावरची 'उघडं आहे' पाटी उलटी केली.

"आई, खरं सांग. तुला धर्मबापांची काळजी आहे की मी जाणार याची?"

मी म्हटलं, मी पाव भाजणारी बाई, मला असले डाव येत नाहीत.

"तुला रोस्क्यात बाहुली कुठे आहे ते कळतं. तीन धर्मबाप उभे केलेस म्हणजे मला वर्षभर हलता येणार नाही, तेही कळतं."

मी परातीतलं पीठ बडवत राहिले. ते पीठ बडवायचं नव्हतं, नुसतं झाकून ठेवायचं होतं. दोघींनाही ते माहीत होतं.

"इथे ओव्हनला माणूस लागतं," मी म्हटलं.

"मग माणूस ठेव."

"परकं माणूस?"

"आई, अप्पांनी आयुष्यभर परक्यांच्या तारांसाठी जमीन खणली. तिकडे तर तार टाकायलाही जमीन नाही, नुसता खडक. माणसं मरतात तिथे फोन लागत नाही म्हणून. मी जाणार. तू पन्नास धर्मबाप उभे केलेस तरी जाणार, पण तुला तोंडघशी पाडून जायचं माझ्या जिवावर येतंय."

एलेउतेरिओ असाच होता. चर सरळ जायचा म्हणजे जायचा, मध्ये राज्यपालाचा गुलाबांचा वाफा आला तरी.

मी हात धुतले. म्हटलं, "तुझे विषय दहा. अकरावा कोणी तुला घ्यायला लावला तर त्याचं नाव मला सांग. माझं असलं तरी."

तिनं पाटी पुन्हा सुलटी केली आणि बाहेर थांबलेल्या बाईला अर्धा डझन पाव बांधून दिले. त्या बाईनं तीनच मागितले होते.

दुसऱ्या दिवशी मी ओर्तेन्सियाच्या दुकानात गेले आणि कोणाला काही न विचारता खुर्चीत बसले. दुकान भरलेलं होतं. म्हणूनच गेले. माणसांसमोर तोडलेलं माणसांसमोरच जोडावं लागतं. मी म्हटलं, केस रंगवायचेत. नाही म्हणता येईना तिला, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तिनं माझ्या गळ्याभोवती कापड असं आवळलं की मी क्षणभर एलेउतेरिओला भेटून आले.

डोक्याला रंग लागायला सुरुवात झाली तेव्हा मी मोठ्यानं विचारलं, "ओर्तेन्सिया, धर्ममायेचं काम काय असतं?"

"आयत्या वेळी अपमान करून घेणं."

"त्यानंतर?"

ड्रायरखालच्या बायकांनी ड्रायर बंद केले.

"मूल उघड्यावर पडलं तर सांभाळायचं," मी म्हटलं. "आई मेली, आईनं टाकलं, तर धर्ममायेनं घरी न्यायचं. तू सुरक्षेच्या सर्टिफिकेटाची धर्ममाय आहेस. बाहुली तुझ्या तुकड्यात निघाली, पाद्रीच्या देखत. नेरेइदानं ते पोर टाकलं. आता ते तुझं. तू त्याला वाढवणार आहेस की नाही?"

"मी? मी कशी वाढवू? मला फोनचा आवाज मोठा करता येत नाही."

"तुझ्या घरात सोफ्यावर एक इंजिनिअर आडवा पडलाय."

उबाल्दो, तिचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून सोफ्यावर. इंटरनेटवरून मोबाइलची कव्हरं विकतो, तीही विकली जात नाहीत. ओर्तेन्सिया गिऱ्हाइकांना सांगते, तो घरून काम करतो. कुठलं काम, ते कोणी विचारत नाही, कारण तिच्या हातात कात्री असते.

मी तिला सगळं समजावलं. चार विषय, सुटं सर्टिफिकेट, मास्टर्सची अट नाही, ऑगस्टमध्ये सुरू. आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं की उबाल्दोच्या सर्टिफिकेटाला धर्ममाय म्हणून मी उभी राहीन, तिनं विचारलं तर. दोन पायऱ्या खाली उतरून मी हे म्हटलं. माझ्या गुडघ्यांना त्याची सवय नाही.

ओर्तेन्सियाचा हात थांबला. कुंचल्यातून रंग माझ्या कानावर टपकला.

"आणि उबाल्दो नाही म्हणाला तर?"

"नाही म्हणायला उठून बसला, तरी चार विषयांतला एक झाला म्हणेन मी."

पहिली हसली ती ड्रायरखालची. मग सगळ्याच. ओर्तेन्सिया हसली नाही, पण कापड सैल केलं. म्हणाली, विचारीन. मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, धर्ममाय व्हायला तुला विचारायचं की नाही, तोही विचार करीन.

घरी येऊन डोकं धुतलं तेव्हा केस वांग्याच्या रंगाचे निघाले. सांगितला होता तपकिरी. नेरेइदानं बघितलं आणि भिंतीला टेकून हसत बसली. मी म्हटलं, हसू नको, तुझ्या मनोऱ्याची किंमत आहे ही.

राहिला पाद्री क्लेओफास. त्याला मी गाठून म्हटलं, कायद्याचं सर्टिफिकेटही अनाथ झालंय, तुम्ही धर्मबाप, घ्या पदरात. तो घाबरला. आपलं वय झालंय, आपण लॅटिन सोडून काही शिकलो नाही, आणि चर्चला आधीच पुष्कळ कायदे आहेत, असं सगळं म्हणाला. मी म्हटलं, मग प्रायश्चित्त घ्या. पुढे जे सर्टिफिकेट येईल त्याला आशीर्वाद द्यायचा, फुकट, आणि रोस्का कापताना हात मध्ये घालायचा नाही. चाळीस वर्षं तो मला प्रायश्चित्त देत आला. एकदा मी दिलं तर चेहरा कसा झाला होता.

मे महिन्यात नेरेइदाला पदवी मिळाली. वेन्सेस्लाओ नवी टोपी, नवे बूट घालून आला, खिशात भाषण. मी वांग्याच्या केसांनी पहिल्या रांगेत. व्यासपीठावरून तिचं नाव घेतलं, मास्टर्स म्हटलं, हात मिळवला आणि दुसऱ्याला बोलावलं. सर्टिफिकेटाचं नावही नाही. वेन्सेस्लाओ उभा राहिलेला, तसाच राहिला. मागच्यांनी बसा म्हटलं तरी बसेना. नंतर कळलं की सर्टिफिकेट स्टेजवर देतच नाहीत, ते पोस्टानं येतं. त्याला मी समजावलं, बिनतारी आहे, हवेतूनच येणार.

ते आलं जूनच्या शेवटी, नेरेइदा गेल्यावर. तरीही आम्ही बेकरीच्या मागच्या अंगणात विधी केला, कारण धर्मबाप तयार होता आणि बकरा मारिनेट झाला होता. वेन्सेस्लाओनं सर्टिफिकेट आधीच लॅमिनेट करून आणलं, पाद्रीचा हात पवित्र पाणी शिंपडताना सढळ असतो म्हणून. ओर्तेन्सिया आली. तिच्यामागून उबाल्दो आला, उभा. सूर्य डोळ्यांवर येत होता त्याच्या, बिचाऱ्याला सवय राहिली नव्हती. ऑगस्टचा प्रवेश झाला होता. ओर्तेन्सियानं मला अजून धर्ममायेचं विचारलेलं नाही. वाट बघायला लावतेय. मी असते तर मीही लावली असती.

विधी चालू असताना नेरेइदाला फोन लावला, धर्मबापाचं भाषण ऐकवायला. "मी, वेन्सेस्लाओ," इतकं तिच्यापर्यंत पोचलं आणि फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. बिनतारी विद्येच्या सर्टिफिकेटाला पाद्री आशीर्वाद देतोय आणि जिनं ते मिळवलं तिच्या फोनला रेंज नाही. नेरेइदा कुठल्याशा टेकडीवर चढून ओरडत होती, आम्हाला फक्त वारा ऐकू येत होता. वेन्सेस्लाओनं सगळं भाषण वाऱ्याला वाचून दाखवलं. लांब होतं. वारा मध्येमध्ये निघून जायचा.

तेव्हापासून तिचे फोन असेच यायचे. अर्धं वाक्य, मग घरघर. जेवलीस का विचारलं तर "जे" पोचायचं.

परवा सकाळी बेकरीत फोन वाजला. कोंचे ओव्हनमध्ये होते. उचलला तर तिचा आवाज असा, जणू काउंटरपलीकडे उभी आहे. पहिला मनोरा सुरू झाला होता. ती त्याच्या खालीच उभी होती आणि पहिला फोन मला केला होता, साहेबांच्याही आधी. मी म्हटलं, साहेबांना आधी करायचा असतो, नोकरी जाईल. ती म्हणाली, बरं. मग मला ऐकू आलं की ती काहीतरी चावतेय. इतका स्पष्ट तो मनोरा.

"काय खातेस?"

"पाव."

"कुठला?"

चावणं थांबलं. "दुकानातला. पिशवीतला," म्हणाली. "आई, रेंज नव्हती तेच बरं होतं."

मी तिला पिशवीतल्या पावाबद्दल माझं मत सांगितलं. ती ऐकत होती. मग तीही बोलली, मीही बोलले, आणि मग दोघींचं बोलणं संपलं. फोन मात्र मी ठेवला नाही, तिनंही नाही. तिकडे पलीकडे कोणाची तरी बकरी ओरडत होती. तेवढ्यात माझ्यामागे ओव्हनची घंटा वाजली.

"आई, घंटा झाली," नेरेइदा तिकडून म्हणाली. "कोंचे जळतील."

मी म्हटलं, जळू देत. जळलेले ओर्तेन्सियाला पाठवीन.